मानेत दबलेली नस आणि फिजिओथेरपीचे शास्त्र

मान दुखणे वेगळे आणि मानेत नस दबणे वेगळे. साध्या मानदुखीत दुखणे मानेत, फार तर खांद्याच्या वरच्या कडेपर्यंत राहते. नस दबली की ते हातात उतरते. दंडातून कोपराकडे, कोपरातून बोटांकडे ठणका जातो, ठरावीक बोटांना मुंग्या येतात आणि मानेपेक्षा हातच जास्त दुखतो. "हात कुठे ठेवू तेच कळत नाही," असे रुग्ण म्हणतो. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा तरुण असो, की पेठेतल्या घरात माळ्यावरचे डबे काढणाऱ्या साठीच्या बाई असोत, वर्णन जवळपास हेच असते. पुण्यात या दोन्ही दुखण्यांना सरसकट 'स्पॉन्डिलायटिस' म्हणतात, आणि दोन्हींना एकच शेक, एकच पट्टा मिळतो. उपचार फसायला सुरुवात तिथेच होते. प्रस्तुत लेखात विचार आहे तो फक्त दुसऱ्या दुखण्याचा, आणि फिजिओथेरपीने त्यात काय साधते व काय साधत नाही याचा.

नस अडते कशी

मानेत मणके सात, पण तिथून बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते आणि आठवी सातव्याच्या खालून. प्रत्येक नस दोन मणक्यांमधल्या एका लहान खिडकीतून बाहेर येते. या खिडकीच्या पुढच्या अंगाला मणक्यांमधली गादी आणि मणक्याच्या कडेचा छोटा सांधा असतो, मागच्या अंगाला मणक्यांना जोडणारा दुसरा सांधा. गादी फुगून किंवा फाटून तिचा मऊ भाग खिडकीत आला तर नस अडते. वयाबरोबर गादी चपटी होऊन सांध्यांच्या कडेला हाड वाढले तरीही अडते. तरुणांत पहिला प्रकार जास्त, पन्नाशीच्या पुढे दुसरा. अनेकांत दोन्ही एकत्र असतात.

नुसत्या दाबाने एवढा ठणका लागत नाही. निरोगी नसेवर दाब आला तर बहुधा बधिरपणा येतो, मुंग्या येतात. ठणका लागतो तो नसेच्या मुळाला सूज आल्यावर. फाटलेल्या गादीतून बाहेर आलेला द्रव्यांश रासायनिक दाह निर्माण करतो आणि मग थोडासा दाबही असह्य होतो. उपचारांचे पुढचे सगळे गणित या गोष्टीवर उभे आहे. सूज ओसरू शकते, बाहेर आलेला गादीचा तुकडा शरीर हळूहळू शोषूनही घेते. म्हणूनच वाढलेले हाड तसेच राहिले तरी दुखणे जाऊ शकते.

खिडकीचा आकारही स्थिर नसतो. मान पुढे झुकवली आणि निरोगी बाजूला कलवली की ती मोठी होते. मान मागे टाकून दुखऱ्या बाजूला वळवली की लहान होते. दुचाकी चालवताना मागून येणारी गाडी पाहायला मान मागे वळवणे, पोटावर झोपून तोंड एका बाजूला करणे, वरच्या फळीवरची वस्तू काढणे, सलूनच्या खुर्चीत डोके मागे टाकून बसणे, या सगळ्यांत खिडकी आवळली जाते. रुग्णाला कळ नेमकी कधी येते ते विचारले, तर निम्मे निदान तिथेच होते.

पुण्याच्या रस्त्यांनी आणि दुचाकीने हे दुखणे होते असे इथे सर्रास बोलले जाते. २०१८ साली महापालिकेच्या पर्यावरण अहवालाने शहरातल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे दाखवले आणि त्यात बहुसंख्य दुचाकी होत्या. तेव्हा संशय येणे साहजिक आहे. तरी कारण आणि निमित्त यांत फरक करायला हवा. अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात १९७६ ते १९९० या काळात या दुखण्याचे ५६१ रुग्ण नोंदले गेले. त्यांच्यापैकी सुमारे १५ टक्क्यांनाच आधी काही मार लागलेला होता किंवा अंगमेहनत झालेली होती. सर्वाधिक रुग्ण ५० ते ५४ या वयोगटातले होते. मूळ कारण बहुतेकांत वयाने झिजलेली गादी हेच. खड्डे, हेल्मेटचे ओझे आणि एका खांद्यावरची लॅपटॉपची बॅग सुजलेल्या नसेला डिवचतात. दुखणे चालू असताना त्यांचा विचार करावाच लागतो, पण दुचाकी सोडली की नस मोकळी होईल असे कोणी सांगत असेल तर त्याला आधार नाही.

निदान हातावर होते

कोणती नस अडली आहे हे बोटे आणि स्नायू सांगतात. पाचवी नस अडली तर दंडाची बाहेरची बाजू बधिरते आणि हात बाजूने वर उचलणे जड जाते. सहावीत अंगठा व तर्जनीला मुंग्या येतात, कोपर वाकवण्याची आणि मनगट वर उचलण्याची ताकद घटते. सातवीत मधले बोट बधिर होते, आणि दंडाच्या मागचा स्नायू दुबळा होऊन ढकलण्याचे काम जमेनासे होते: भिंतीला हात लावून रेटा देता येत नाही, खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठता येत नाही. आठवीत करंगळीकडची बाजू बधिर, आणि मुठीची पकड सैल. सर्वांत जास्त अडते ती सातवी, तिच्या खालोखाल सहावी.

तपासणाऱ्याच्या हाती चार साध्या चाचण्या आहेत. दुखऱ्या बाजूला मान कलवून डोक्यावर हलका दाब दिला की हातात कळ जाते का, ही पहिली. स्पर्लिंग आणि स्कोव्हिल या शल्यविशारदांनी ती १९४४ साली मांडली. दुसरीत डोके हलकेच वर ओढल्यावर आराम पडतो का ते पाहतात. तिसरीत हात बाजूला पसरून, मनगट मागे वळवून नसेला ताण देतात. चौथीत दुखऱ्या बाजूला मान ६० अंशांपेक्षा कमी वळते का ते मोजतात. २००३ सालच्या एका अभ्यासाने दाखवले, की चारही चाचण्या जुळल्या तर नस दबली असण्याची शक्यता ९० टक्क्यांवर जाते आणि तीन जुळल्या तर ६५ टक्क्यांपर्यंत. या चारींना मिळून काही मिनिटे लागतात आणि यंत्र एकही लागत नाही. उरलेले एक लक्षण रुग्ण स्वतःच दाखवतो. तो दुखरा हात डोक्यावर ठेवून बसलेला असतो, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण उतरतो.

एमआरआयबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे तपासणीच्या आधी फिल्म येते. जपानमध्ये १,२११ धडधाकट माणसांच्या मानेचे एमआरआय काढले, तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक लोकांत गादी फुगलेली सापडली. कसलीच तक्रार नसलेल्या माणसांत! अहवालात 'डिस्क बल्ज' वाचून घाबरण्याचे म्हणूनच कारण नाही. फिल्मवर दिसणारी नस आणि हातावर दिसणारी नस एकच असेल तेव्हाच फिल्मला अर्थ आहे. उजवी सातवी नस दबल्याचे फिल्म सांगते आणि मुंग्या डाव्या करंगळीत आहेत, तर फिल्म बाजूला ठेवून पुन्हा रुग्णाकडे पाहिले पाहिजे. मनगटात नस दबली असेल, मधुमेहाने नसा खराब झाल्या असतील, किंवा खांद्याचा सांधा आखडला असेल, तरी मानेवरच संशय येतो. डाव्या हातात चालताना कळ येत असेल तर आधी हृदय तपासावे, हे वेगळे सांगायला नको.

दुखण्याची स्वतःची चाल

कोणत्याही उपचाराचे मोल ठरवण्याआधी उपचार न करता काय होते ते माहीत हवे. रोचेस्टरच्या रुग्णांचा पुढे सरासरी पाच वर्षे मागोवा घेतला. शेवटच्या भेटीत १० पैकी ९ जणांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. शस्त्रक्रिया झाली होती चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांची. २००९ साली नेदरलँड्समध्ये नव्याने दुखणे सुरू झालेल्या २०५ रुग्णांचे तीन गट केले: एकाला अर्धकडक पट्टा आणि विश्रांती, दुसऱ्याला सहा आठवडे आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त वाट पाहणे. सहा आठवड्यांनंतर पहिल्या दोन गटांचा हात तिसऱ्यापेक्षा कमी दुखत होता. सहा महिन्यांनंतर तिन्ही गट सारखे झाले. त्याआधी १९९७ साली स्वीडनमध्ये जुन्या दुखण्याच्या ८१ रुग्णांत शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी आणि पट्टा यांची तुलना झाली होती. शस्त्रक्रियेच्या गटाला आराम लवकर पडला, पण वर्षाअखेर फरक उरला नव्हता.

यावरून फिजिओथेरपी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत. तो मला मान्य नाही. ज्याला तीन आठवडे झोप नाही, ज्याला उजव्या हाताने घास घेता येत नाही, त्याच्यासाठी सहा महिन्यांनी येणारा आराम सहा आठवड्यांवर आणणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र या अभ्यासांनी उपचाराचे ध्येय नेमके केले. वाढलेले हाड व्यायामाने घासले जात नाही, आणि गादी दाबून जागेवर बसवता येत नाही. फिजिओथेरपीची खरी कामे तीन आहेत: सूज उतरेपर्यंत वेदना सोसण्याजोगी ठेवणे, हात आणि मान निकामी पडू न देणे, आणि दर भेटीत ताकद मोजून दुखणे कुठे चालले आहे यावर पहारा ठेवणे. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच सर्वांत कमी होते.

स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा अंकांत मोजण्याची पद्धत ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नसांच्या जखमा तपासण्यासाठी रूढ झाली. आपल्याकडे या व्यवसायाची वाढही अशाच गरजेतून झाली. पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली जखमी सैनिकांसाठी उभे राहिले, आणि पोलिओग्रस्त मुलांच्या पुनर्वसनाच्या निकडीतून मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पोलिओच्या मुलाचा प्रत्येक स्नायू अंकांत मोजून कागदावर लिहिणे हा त्या पिढीचा रोजचा रिवाज होता. दबलेल्या नसेच्या रुग्णालाही तोच रिवाज लागू पडतो.

उपचार: केव्हा आणि कोणता

पहिले दहा-पंधरा दिवस नस इतकी चिडलेली असते, की ताणाचा कोणताही व्यायाम उलटतो. या काळात आराम देणारी स्थिती शोधणे हाच उपचार. हात डोक्यावर, किंवा उशी मांडीवर घेऊन कोपर तिच्यावर टेकलेले. झोपताना निरोगी कुशीवर आणि दुखरा हात पुढच्या उशीवर. मानेखाली एकच उशी, खांदा गादीवर. मान मागे टाकणे बंद. वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावे, ते घेण्यात कमीपणा नाही. शेक किंवा टेन्स, आयएफटी यांसारखी सौम्य विजेच्या प्रवाहाची यंत्रे यांनी तासभर बरे वाटते. ते घ्यायला हरकत नाही, पण त्यांनी दुखण्याची चाल बदलते याला भक्कम पुरावा नाही. रुग्णाला पंधरा मिनिटे यंत्राला जोडून द्यायचे आणि दहा सिटिंगचे पॅकेज संपले की नमस्कार करायचा, याला मी उपचार म्हणणार नाही.

पट्ट्याबद्दल टोकाची मते ऐकू येतात. नेदरलँड्सच्या अभ्यासात तो उपयोगी ठरला, पण काही आठवड्यांसाठी आणि टप्प्याटप्प्याने सोडण्याच्या अटीवर. प्रवासात आणि ठणक्याच्या दिवसांत तो जरूर वापरावा. महिनोन्महिने पट्टा घालून फिरणाऱ्यांच्या मानेचे स्नायू दुबळे होतात आणि पट्टा काढायची भीती बसते.

ट्रॅक्शनचा, म्हणजे मानेला ओढ देण्याचा, विचार जरा सविस्तर करू. तर्क सरळ आहे: डोके ओढले की खिडकी मोठी होते. डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो. त्यामुळे बसून दिलेल्या ट्रॅक्शनमध्ये तेवढा जोर डोके उचलण्यातच जातो. दाराला अडकवायचे, पाण्याची पिशवी लावलेले घरगुती ट्रॅक्शन अनेकदा फिके पडते ते याचमुळे. झोपून, मान थोडी पुढे झुकलेली ठेवून दिलेली ओढ जास्त परिणामकारक असते. पुरावा मात्र दुहेरी आहे. २००९ साली ८१ रुग्णांच्या अभ्यासात हाताने दिलेले उपचार व व्यायाम यांना ट्रॅक्शनची जोड देऊन चार आठवड्यांत काही जास्तीचे मिळाले नाही. २०१४ साली ८६ रुग्णांच्या अभ्यासात व्यायामाला यंत्राच्या ट्रॅक्शनची जोड मिळालेले रुग्ण सहा महिन्यांनी आणि वर्षाने सरस ठरले. माझ्या मते निर्णय रुग्णाच्या मानेवर सोपवावा. तपासताना डोके हाताने ओढल्यावर हातातली कळ मागे सरकत असेल तर ट्रॅक्शन द्यावे. दोन-तीन वेळा देऊनही फरक नसेल तर बंद करावे. सरसकट सर्वांना देणे किंवा सरसकट नाकारणे, दोन्ही चूक.

ठणका ओसरू लागला की हातांनी करायचे उपचार सुरू होतात. ऑस्ट्रेलियाच्या रॉबर्ट एल्व्ही यांनी मानेचे मणके दुखऱ्या बाजूपासून हळुवार बाजूला सरकवण्याची पद्धत रूढ केली. तिच्यात झटका नसतो, आणि अनेकांना त्याच भेटीत हात थोडा मोकळा वाटतो. तिच्या जोडीला नसेचे सरकते व्यायाम येतात. नस आपल्या आवरणात सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी मागेपुढे सरकते. सूज असताना ती सरक अडते. कोपर सरळ करताना मान त्याच हाताकडे कलवायची, आणि कोपर वाकवताना मान दुसऱ्या बाजूला न्यायची. अशाने नस ताणली न जाता नुसती सरकते. दोन्ही टोके एकाच वेळी ताणणारे व्यायाम व्हिडिओ पाहून करणारे लोक दुखणे वाढवून घेतात. मुंग्या व्यायामानंतरही रेंगाळत असतील तर त्या दिवशी तो व्यायाम जास्त झाला, असे समजावे.

न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी यांनी दिलेली एक खूण घरी वापरता येण्याजोगी आहे. एखाद्या हालचालीने दुखणे बोटांतून कोपराकडे, कोपरातून खांद्याकडे मागे सरकत असेल, तर मान जरा जास्त दुखली तरी ती हालचाल चालू ठेवावी. दुखणे बोटांकडे उतरत असेल तर थांबावे.

शेवटचा टप्पा ताकदीचा. मानेच्या पुढच्या खोल स्नायूंसाठी उताणे झोपून, हनुवटी किंचित आत घेऊन नुसती 'हो' म्हटल्यासारखी हालचाल करतात. फिजिओथेरपिस्ट ग्वेंडोलेन जल यांनी हा व्यायाम मानेखाली दाबमापक पिशवी ठेवून, २० ते ३० या अंकांदरम्यान मोजून शिकवला. पिशवी नसेल तर घडी केलेला टॉवेल चालतो. पाठीच्या वरच्या भागाची लवचीकता, खांद्याच्या पात्यांचे स्नायू, आणि जो स्नायू नसेमुळे दुबळा झाला तो नेमका स्नायू यांवर सहा ते बारा आठवडे काम लागते. ही पायरी बहुतेक रुग्ण सोडतात, कारण तोवर दुखणे थांबलेले असते.

अय्यंगारांची दोरी

पुण्यात हा विषय योगाशिवाय पुरा होत नाही. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात शिकवायला आले. १९७५ साली शिवाजीनगरला रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली, आणि मानेच्या-पाठीच्या तक्रारी घेऊन जगभरातून माणसे तिथे येऊ लागली. पट्टे, लोड, खुर्ची, भिंतीतल्या दोऱ्या यांचा आधार देऊन आसन आजारी शरीराला झेपेल असे करण्याची अय्यंगारांची पद्धत फिजिओथेरपीच्या दृष्टीनेही विचार करण्याजोगी आहे. कंबरेला दोरी घेऊन उलटे लोंबकळताना मान मोकळी सुटते आणि डोक्याच्याच वजनाने तिला हलकी ओढ मिळते. बर्लिनमध्ये अय्यंगार पद्धतीच्या योगाचा मानेच्या जुन्या दुखण्यावर अभ्यास झाला आणि निष्कर्ष अनुकूल आले. पण तो अभ्यास मानदुखीचा होता, दबलेल्या नसेचा नव्हे. एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही. हातात ठणका किंवा बधिरपणा असताना नेहमीचे शीर्षासन आणि सर्वांगासन करू नये, कारण दोन्हींत मानेवर शरीराचा भार येतो. दोरीसुद्धा जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली, आणि रक्तदाब व काचबिंदू नसल्याची खात्री करूनच.

थांबायचे कुठे

सलूनमध्ये दाढीनंतर मान मोडून घेण्याची सवय अनेक पुरुषांना आहे. नस दबलेली असताना असा झटका गादी आणखी बाहेर ढकलू शकतो. क्वचित मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या अस्तराला चीर पडून पक्षाघातही होतो. ही सवय सोडावीच.

दाब नसेऐवजी मज्जारज्जूवर आला तर चित्र पालटते. शर्टाची बटणे लावता येईनाशी होतात, अक्षर बिघडते, चालताना तोल जातो, पाय कडक होतात, लघवीवर ताबा राहत नाही. अशा वेळी ट्रॅक्शन किंवा व्यायामात एक दिवसही घालवू नये. मणक्याच्या शल्यविशारदांकडे जावे. ताप, वजन घटणे आणि रात्री झोपू न देणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षय किंवा गाठ वगळावी लागते. आपल्या देशात क्षयाचा विचार न करणे परवडणारे नाही. ताकद वेगाने घटत असेल, किंवा सहा ते बारा आठवडे नीट उपचार होऊनही ठणका असह्य असेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा. शस्त्रक्रिया हा फिजिओथेरपीचा पराभव नव्हे, आणि फिजिओथेरपी ही शस्त्रक्रिया टाळण्याची हट्टाची शर्यतही नव्हे.

पुण्यात चांगल्या फिजिओथेरपीची उणीव नाही. ससूनसारखे सरकारी रुग्णालय आहे, डॉ. के. एच. संचेती यांच्या संस्थेसारखी अस्थिरोगांना वाहिलेली संस्था आणि तिचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे, आणि गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत. महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे, तेव्हा नोंदणी विचारायला संकोच करू नये. पहिल्या भेटीत तुमच्या दोन्ही हातांची ताकद मोजली का, कोपर आणि मनगटाजवळ हातोडीने प्रतिक्षिप्त क्रिया पाहिल्या का, आणि ते आकडे लिहून ठेवले का, हे बघा. आठवड्याने तेच आकडे पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढत असेल तर धीर धरा, व्यायाम सोडू नका. आकडा उतरत असेल तर त्याच आठवड्यात शल्यविशारदांना दाखवा.